पेशींची राखण आणि आपलं म्हातारपण

आरोग्याचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मोकळेपणानं विचारला जातो, "वय झालं की अंगातली ताकद जाते तरी कुठं?" दुसरा दबक्या आवाजात येतो, "कॅन्सर होतो कशानं?" हे दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण शोध घेता घेता दोन्ही वाटा पेशीतल्या एका राखणदारापाशी येऊन मिळाल्या. तो कसा सापडला, त्याचा आपल्या ताकदीशी काय संबंध, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या हजारो बायांचा या गोष्टीत वाटा कसा, हे आज सांगते.

आधी पेशी म्हणजे काय ते थोडक्यात बघू. भिंत विटांची असते तसं शरीर पेशींचं असतं. फरक एवढाच, की पेशी जिवंत असते आणि एकीच्या दोन होतात. जखम भरते, मूल वाढतं, ते यामुळंच. एकीच्या दोन होताना पेशीला आपलं सगळं रजिस्टर नव्यानं उतरवून काढावं लागतं. या रजिस्टराला डीएनए म्हणतात. आपल्या गटाचं जुनं रजिस्टर भरल्यावर नव्यात उतरवताना एखादा आकडा चुकतो, तशी चूक पेशीतही होते. तंबाखू, कडक ऊन, काही विषाणू यांनीही रजिस्टर खराब होतं. चुका साठत गेल्या की एखादी पेशी कुणाचं न ऐकता वाढत सुटते. तिची गाठ होते, आणि ती शरीरात पसरू लागली की तो कॅन्सर.

आता इतिहासाकडे वळू. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाच्या हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यात वाढवायला घेतला. त्या पेशी १९४६ सालापर्यंत वाढत ठेवल्या गेल्या. चौतीस वर्षं! कोंबडी तरी कुठं एवढी जगते? त्यामुळं जगभर समज पसरला, की पेशी मुळात अमर आहे आणि म्हातारपण बाहेरून येतं. कॅरेलना नोबेल पारितोषिक मिळालेलं होतं, त्यांना खोटं कोण म्हणणार? दुसऱ्यांना तो प्रयोग साधला नाही, तर त्यांच्याच हाताला दोष दिला जायचा. पेशींना खाऊ म्हणून पिलांचा रस घातला जायचा, त्यातून दर वेळी ताज्या पेशी भांड्यात जात असाव्यात, असा अंदाज पुढं निघाला.

हा समज मोडला १९६१ साली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड माणसाच्या पेशी वाढवत होते. त्यांना दिसलं, की निरोगी पेशी साधारण पन्नास वेळा दुभागते आणि मग थांबते. मरत नाही, पण पुढं वाढतही नाही. हा आपल्याच खाऊचा दोष तर नाही ना, हे तपासायला हेफ्लिकनी एक साधी युक्ती केली. थकत आलेल्या पुरुषाच्या पेशी आणि ताज्या दमाच्या बाईच्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात ठेवल्या. खाऊ एकच, भांडं एकच. काही दिवसांनी भांड्यात फक्त बाईच्या पेशी उरल्या होत्या. खाऊ वाईट असता तर दोघींनीही मान टाकली असती. म्हणजे आपण किती वेळा दुभागलो याचा हिशेब पेशी स्वतःजवळ ठेवते.

पण मग एक कोडं उरलं. जगात काही पेशी अशा होत्या, ज्या खरोखरच थांबत नव्हत्या. त्या होत्या हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या.

हेन्रिएटा ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, तंबाखूच्या शेतात राबून वाढलेली काळी बाई. पाच लेकरांची आई. १९५१ साली ती बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात गेली. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ती गेली. तिच्या पेशी मात्र वाढत राहिल्या. तिच्या नावातली अक्षरं घेऊन त्यांना 'हेला' म्हणतात. पोलिओच्या लशीच्या कामापासून कितीतरी शोधांत त्या वापरल्या गेल्या, आजही वापरल्या जातात. घरच्यांना वीसेक वर्षं याचा पत्ताही नव्हता. आपल्या अंगातून काही काढून घेतलं जात असेल तर ते कशासाठी, हे विचारायचा हक्क आपला आहे, हे या बाईच्या गोष्टीवरून लक्षात ठेवायला हवं.

याच जॉर्ज गे यांच्याकडे आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे पेशी वाढवण्याचं तंत्र शिकायला गेल्या होत्या. माहेरच्या समर्थ, जन्म १९१७ चा. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली होती. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे काचेत पेशी वाढवायची जागा, उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध असतो, यावर त्यांनी लवकर काम केलं. पुढं तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या आहाराचाही अभ्यास केला. १९७३ साली त्यांनी इतर शास्त्रज्ञ बायांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता राखणदाराकडे येऊ. १९७९ साली लंडन, प्रिन्स्टन, न्यूयॉर्क अशा ठिकाणच्या वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना कॅन्सर झालेल्या पेशींत एक प्रोटीन सापडलं. त्याच्या वजनावरून नाव पडलं 'पी-५३'. कॅन्सरच्या पेशीत ते भरपूर दिसतं, म्हणजे कॅन्सर करणारं तेच, असा निष्कर्ष निघाला. चोरी झालेल्या घरात जो सापडला तोच चोर, असा हा न्याय. दहा वर्षं पी-५३ वर हा आळ राहिला.

१९८९ साली आळ उतरला. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटानं, तोही बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समधला, मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या. पी-५३ बनवण्याच्या सूचनेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. त्या गाठींमध्ये एक प्रत हरवलेली होती आणि उरलेली बिघडलेली होती. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या आर्नोल्ड लेव्हिन यांच्या गटानं दाखवलं, की धडधाकट पी-५३ दिलं तर पेशी कॅन्सरकडे वळायची थांबते. दहा वर्षं प्रयोगशाळांत ज्या प्रती वापरल्या जात होत्या, त्याच बिघडलेल्या निघाल्या. म्हणजे घरात सापडलेला माणूस चोर नव्हता, मार खाऊन पडलेला राखणदार होता. माणसाच्या कॅन्सरपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पी-५३ बिघडलेलं असतं, हे नंतर कळलं. १९९२ साली डेव्हिड लेन यांनी त्याला रजिस्टराचा राखणदार असं नावच दिलं.

हा राखणदार करतो काय? ज्वारी भरात आली की माळ्यावर राखण बसते तसा तो पेशीत बसलेला असतो. रजिस्टर फाटलं, चुका झाल्या, की तो जागा होतो आणि नुकसान बघून तीनपैकी एक हुकूम सोडतो. नुकसान थोडं असेल तर, "थांब, दुरुस्त कर, मग दुभाग." जास्त असेल तर, "आता जन्मभर दुभागू नकोस." आणि फारच असेल तर, "मरून जा." आपल्या शरीरात रोज कितीतरी पेशी असा हुकूम पाळतात, म्हणून आपण धडधाकट राहतो.

दुसरा हुकूम नीट ऐका, कारण म्हातारपणाचा धागा तिथं आहे. हेफ्लिकच्या भांड्यातल्या पेशी पन्नास फेऱ्यांनंतर थांबल्या, त्या याच हुकुमानं. पण राखणदाराला फेऱ्या कळतात कशा? गुणसूत्रांच्या टोकांवरून. साडीच्या पदराला गोंडे बांधतो, म्हणजे सूत उसवत नाही. तसे गुणसूत्रांच्या टोकांना गोंडे असतात, त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभागली की ते थोडे झिजतात. फार झिजले की राखणदाराला वाटतं रजिस्टरच फाटलं, आणि तो पेशीला थांबवतो. हे गोंडे पुन्हा भरून काढणारा पदार्थ १९८४ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर या दोघींनी शोधला. २००९ साली जॅक शोस्टाक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता ताकदीचा प्रश्न. प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात. खाल्लेलं अन्न आणि घेतलेला श्वास त्या चुलीत एकत्र येतो आणि काम करायची ऊर्जा मिळते. या चुलींना मायटोकाँड्रिया म्हणतात. १८९८ साली जर्मनीतल्या कार्ल बेंडा यांनी हे नाव ठेवलं. मायक्रोस्कोपखाली त्यांना कुठं धागा दिसला, कुठं दाणा, म्हणून ग्रीक भाषेतले धागा आणि दाणा हे दोन शब्द जोडले. १९६७ साली लिन मार्गुलिस या शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं, की या चुली कोट्यवधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत राहायला आल्या. त्यांचा लेख अनेक मासिकांनी परत पाठवला होता. आज ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. आणखी एक गंमत. या चुली आपल्याला फक्त आईकडून मिळतात. आजीकडून आईला, आईकडून लेकीला.

राखणदाराचं आणि चुलीचं नातं कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २००६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात पी-५३ नसलेले उंदीर पाण्यात पोहायला सोडले. ते इतरांपेक्षा लवकर दमले. चूल नीट पेटायला लागणारा एक भाग पी-५३ च्या सांगण्यावरून बनतो, तो त्यांच्यात कमी होता. म्हणजे शांततेच्या काळात राखणदार चुलीची निगा ठेवतो. पेशीला मरायला सांगायचं असतं तेव्हाही तो चुलीलाच हाताशी धरतो. तिच्या आवरणाला भोकं पडतात, आतला पदार्थ बाहेर येतो आणि पेशी आपला संसार शिस्तीत आवरते.

२०११ साली बोस्टनच्या रोनाल्ड डीपिन्हो यांच्या गटानं तिसरी बाजू दाखवली. गोंडे झिजलेल्या उंदरांमध्ये राखणदार सारखा जागा राहतो. असा सदा जागा राखणदार चुली नव्या करणारी यंत्रणाच दाबून टाकतो. चुली कमी होतात, मंदावतात. त्या उंदरांची हृदयं आणि यकृतं कमजोर झालेली दिसली. शिवाय बिघडलेल्या चुलीतून धूर जास्त निघतो, म्हणजे पेशीला इजा करणारे पदार्थ. त्यानं रजिस्टर आणखी फाटतं, आणि राखणदार आणखी सावध होतो. म्हातारपणाची कारणं पुष्कळ आहेत, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण ताकद कुठं जाते या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इथं मिळतो.

मग राखणदार जास्त कडक केला तर? २००२ साली अमेरिकेत लॅरी डोनेहॉवर यांच्या गटाकडे असे उंदीर तयार झाले, ज्यांचं पी-५३ नेहमीपेक्षा जास्त काम करत होतं. त्यांना कॅन्सर जवळपास झालाच नाही. पण ते लवकर म्हातारे झाले. हाडं ठिसूळ झाली, पाठीला पोक आलं, जखमा भरेनात. साधे उंदीर सरासरी ११८ आठवडे जगत, हे ९६ आठवड्यांत गेले. राखण इतकी कडक, की गाई-गुरांनाही शेतात पाऊल टाकता येईना.

त्याच वर्षी स्पेनमध्ये मान्युएल सेरानो यांच्या गटानं वेगळा प्रयोग केला. त्यांनी उंदरांना पी-५३ ची जादा प्रत दिली, पण ती गरज असेल तेव्हाच जागी होईल अशी. या उंदरांना कॅन्सर कमी झाला आणि म्हातारपणही लवकर आलं नाही. निसर्गानं हत्तीमध्ये असंच काही करून ठेवलंय. एवढं मोठं धूड, एवढ्या पेशी, तरी हत्तीला कॅन्सर फार कमी होतो. २०१५ साली कळलं, की आपल्यात पी-५३ च्या सूचनेची एक जोडी असते, तर हत्तीत सुमारे वीस जोड्या. तेव्हा राखण हवीच, पण वेळेवर जागी होणारी आणि वेळेवर बसणारी. म्हणूनच पेशी तरुण ठेवण्याच्या नावाखाली कुणी पावडरी आणि गोळ्या विकायला आलं, तर पैसे गटात ठेवा. राखणदाराला हवा तेवढाच जागा ठेवणारं औषध अजून कुणाजवळ नाही.

आता हेन्रिएटाच्या कोड्याचं उत्तर. तिच्या पेशी थांबत का नव्हत्या? १९८३-८४ साली जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटानं दाखवलं, की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हेन्रिएटाच्या पेशींतही तो सापडला. त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. १९९० साली त्याची चाल उघड झाली. हा विषाणू एक प्रोटीन सोडतो, ते पी-५३ ला धरून नष्ट करायला लावतं. दुसरं एक सोडतो, ते आरबी नावाच्या जोडीदार राखणदाराला बांधून ठेवतं. हेन्रिएटाच्या पेशींत पी-५३ ची सूचना शाबूत आहे. राखणदार रोज जन्मतो आणि रोज मारला जातो.

२००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॅनियल डिमायो आणि सहकाऱ्यांनी या पेशींमधल्या विषाणूची ती दोन्ही प्रोटीनं बंद पाडली. राखणदार पुन्हा उभे राहिले. जवळजवळ पन्नास वर्षं न थकता वाढणाऱ्या त्या पेशी काही दिवसांत थांबल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. कॅन्सरला आवरणारं आणि पेशीला म्हातारं करणारं बळ एकच आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

इथून गोष्ट आपल्या अंगणात येते. १९९९ सालापासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी तो केला. गावांचे चार गट पाडले होते. तीन गटांत वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. २००९ साली निकाल छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या, तर तपासणी नसलेल्या गटात ६४. दोन्ही गटांत बाया तीस हजारांहून जास्त होत्या. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर ही तपासणी पुढं आली, त्यात या अभ्यासाचा मोठा हातभार आहे. चौथ्या गटातल्या बायांना तपासणीशिवाय ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढं टीकाही झाली. ती टीकाही आपण ऐकायला हवी, कारण बाया आपल्याच होत्या.

यातून आपण काय घ्यायचं? एचपीव्ही हा अगदी सर्रास आढळणारा विषाणू आहे. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. तपासणीत तो दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याला बोल लावायचं तर कारणच नाही. काहीजणींत तो ठाण मांडतो आणि राखणदाराला मारत राहतो. तिथून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. एवढा काळ आपल्या हातात असतो. तिशीनंतर ठरावीक वर्षांनी तपासणी करून घ्यायची. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बायांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांच्या तपासणीची सोय आहे. आपल्या केंद्रात ती कोणत्या दिवशी असते, हे आशाताईंना विचारा. अंगावरून जास्त जाणं, पाळी थांबल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, असं काही असेल तर वाट बघू नका. मुलींसाठी ९ ते १४ या वयात घ्यायची लस आहे. पुण्यात तयार झालेली लसही २०२३ पासून मिळू लागली. आणि मशेरी, तंबाखू सोडा. तंबाखू रजिस्टरावर थेट घाव घालते, आणि त्यात राखणदाराची सूचनाही खराब होते.

म्हातारपण टळणार नाही. तुमच्या माझ्या अंगातला राखणदार इमानानं काम करतोय, त्याचीच ती एक खूण आहे. सुरकुतलेले हात घेऊन नातवंडांना गोष्टी सांगायला मिळणं, हे हेन्रिएटाच्या वाट्याला आलं नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं तपासणी झाली का, एवढं एकमेकींना विचारा. जिची राहिली असेल तिच्यासोबत दुसरीनं जायचं ठरवा.